फरकाचा फॉर्म

७ जानेवारी

प्रिय ताई,

फोन करणार होते, पण फोन वाजला की तुझा लेक, आपला कारभारी, स्वतःचा हात चावून घेतो हे आठवलं आणि कागद पुढे ओढला. तसंही राघूला पत्र पेटीत टाकायला फार आवडतं. टाकल्यावर पेटीच्या फटीला कान लावून उभा राहतो. आत काय ऐकू येतं ते त्यालाच ठाऊक.

राघूच्या त्या नव्या औषधाच्या चाचणीच्या गोळ्या सुरू होऊन सहा आठवडे झाले. तुमचेही तेवढेच झाले असतील. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की दोघी बहिणींनी आपापसात मुलांची तुलना करू नका, म्हणून हे पत्र वाचून फाडून टाक. मला तुझ्याशिवाय विचारायला कोण आहे?

मंगळवारी दिवसभर दुकानात उभी राहून, कापडाचे तागे उचलून आले आणि दाराशीच बसून घोटे चोळत होते. राघूचं एकच वाक्य तुला माहीत आहे. गेली आठ वर्षं, बस आलेली असो, जायची असो, आम्ही अंघोळीला निघालेलो असो, "बस गेली का?" तर तो आला, नेहमीसारखा भिंतीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "तू दमलीस का?"

ताई, आमच्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. त्यामुळे ऐकून उचलला म्हणायलाही जागा नाही. आणि विचारून तो गेला नाही, उत्तरासाठी थांबला. मी "हो रे, दमले" म्हटलं तेव्हा "हं" म्हणाला आणि आत गेला. मी तिथेच बसून रडले.

आता प्रश्न असा की रविवारच्या फरकाच्या फॉर्ममध्ये सतरावा रकाना आहे ना, ‘समोरच्या माणसाच्या अवस्थेची दखल घेतो’, तिथे किती लिहू? शून्य म्हणजे काही फरक नाही, चार म्हणजे खूप. माझा हात चारवरच जातोय. तू शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं आकडे लिहितेस, म्हणून तुला विचारते.

तुझी
चिमी


१५ जानेवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. डब्यात ठेवलंय.

चार लिहू नकोस. तीनही नको. आमच्याकडे मुलं तराजूवर वजन करतात, तेव्हा काटा दोन खुणांच्या मध्ये थांबला की मी त्यांना एकच सांगते, खालची खूण लिहा. आपल्याला जे दिसावंसं वाटतं ते दिसत असतं, आणि आई म्हणजे तर या बाबतीत सगळ्यात बिघडलेला काटा. निम्म्या मुलांना खरं औषध आहे आणि निम्म्यांना नुसत्या गोड गोळ्या. कोणाला काय, हे डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. राघू एकदा बोलला. दोन लिही. शंका असेल त्या आठवड्यात एक लिही. खरं असेल तर ते कमी लिहूनही दिसेल.

बाबांचं आठवतं ना? सही करताना हात थरथरायचा, चालताना तोल जायचा. ऑफिसातल्या सगळ्यांना वाटलं पितात. आईलाही वाटलं. थेंबाला न शिवलेला माणूस तो डाग घेऊन गेला. आपल्या दोघींचं रक्त तपासलं तेव्हा कळलं की हे फ्रॅजाइल एक्स, वंशात उतरणारा दोष, त्यांच्याकडून आपल्याकडे आलं आणि आपल्याकडून पोरांकडे जाताना मोठं होऊन गेलं. लोकांनी नीट न बघता लिहून टाकलं की असं होतं. म्हणून म्हणते, जपून लिही.

आमच्याकडे बरं चाललंय. कारभाऱ्याची घरभर फेरी सुरू असते. "दिवा बंद. नळ बंद. दार बंद." सतराव्या वर्षी बापापेक्षा वीतभर उंच झालाय, पण फेरी चुकवत नाही. हे फक्त रविवारी घरी असतात, तेव्हा फॉर्म भरताना शेजारी बसतात. त्यांनी निवासी केंद्रात त्याचं नाव घालून ठेवलंय ते तुला माहीत आहेच. औषधाने फरक पडला तर घरी, नाही तर तिकडे, असं त्यांचं ठरलंय. माझं ठरायचंय.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू म्हणालीस तसं दोन लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्याने शेजारच्या आजींना विचारलं, "तू दमलीस का?" आजी ऐंशीच्या, त्यांना अगंतुगं करणारं आता कोणी उरलेलं नाही. त्या खूश झाल्या. तरी मी एक लिहिला, कारण आजींना कमी ऐकू येतं आणि त्या सगळ्यावरच खूश होतात. बघ, तुझी विद्यार्थिनी किती कडक झालीय.

काल तपासणीला जाऊन आलो. तिथली ती खोली मला फार आवडते. दिव्याची घरघर नाही, दारावर घंटा नाही, भिंतीवर एकही चित्र नाही. डॉक्टरीणबाई राघूच्या समोर कधीच बसत नाहीत, शेजारी बसून खिडकीकडे बघत बोलतात, मग तोही बोलतो. जगात सगळ्यांनी असं शेजारी बसायचं ठरवलं असतं तर आपली निम्मी दुखणी गेली असती. निघताना त्याने त्यांच्याकडे पाठ करून हात पुढे केला, आणि त्यांनी तो धरला.

मग फॉर्मवाल्या बाईंनी उरलेल्या गोळ्या मोजून घेतल्या. म्हणाल्या, सोळा आठवडे झाले की ज्यांना फायदा दिसतोय त्या मुलांना पुढच्या टप्प्यात घेऊ, आणि तिथे सगळ्यांनाच खरं औषध. माझा जीव भांड्यात पडला. आमचे एक आणि दोन का होईनात, फायदा तर आहेच. तुमचं कसं? आकडे सांगू नकोस हवं तर, नुसतं हो की नाही कळव.

तुझी
चिमी


२६ फेब्रुवारी

चि. चिमीस,

हो.

अक्षराकडे बघू नकोस. जिन्यावरून घसरले, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आहे, डाव्या हाताने लिहितेय. चिंता करू नकोस, आणि इकडे धावत येऊ नकोस. घरात नवीन माणूस आलं की कारभाऱ्याला सावरायला दोन दिवस पुरत नाहीत.

राघूचे आकडे कमीच ठेव.

ताई


३ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी फिरली. मी आणि राघूचे बाबा पत्र उलटसुलट धरून वाचत होतो. पायाखाली बघून चालायला कधी शिकणार आहेस? लहानपणी मला जिन्यावर हात धरून नेणारी तू. प्लास्टर निघालं का?

सोळा आठवडे झाले. शेवटचा फॉर्म भरला. खरं सांगू, शेवटच्या रविवारी माझं मन मला खात होतं. त्या आठवड्यात त्याने चार वेळा विचारलं, तेही नेमकं मी दमलेली असताना. ज्या दिवशी मला सुट्टी होती त्या दिवशी विचारलं नाही. म्हणजे त्याला दिसत होतं, ताई. मी पेन चारवर टेकवलं, तुझा तो काटा आठवला आणि दोन लिहिलं. आता पुढच्या टप्प्याची वाट बघायची. तोवर गोळ्या बंद आहेत, आणि बाई म्हणाल्या की महिन्याभरात बोलावतील.

तू ‘हो’ लिहिलंस ते मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. एका घरातल्या दोन्ही पोरांना खरं औषध लागावं, बाबांनी कुठेतरी बसून सोय लावली असणार.

तुझी
चिमी


११ जून

प्रिय ताई,

तुलाही तोच लिफाफा आला असेल. मी तो दुकानात उघडला आणि तागे पसरलेले होते त्यावरच बसले.

औषध निरुपयोगी ठरलं म्हणे. खऱ्या गोळ्यांवरची मुलं आणि गोड गोळ्यांवरची मुलं, दोघांच्या आयांनी लिहिलेला फरक सारखाच निघाला. पुढचा टप्पा रद्द. कंपनी आता हे औषध बनवणारही नाही. खाली एक ओळ होती, आपल्या पाल्यास दिलेल्या गोळ्यांचा प्रकार: औषध.

औषध, ताई. माझ्या डोळ्यांनी खरं तेच बघितलं होतं.

एप्रिलपासून त्याचं हळूहळू सुटत चाललंय. दोन आठवडे विचारत होता, पण थांबायचा कमी. मग चार दिवसांतून एकदा. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधल्यासारखं दिसतं आणि मग ते मिटतं. मी फॉर्मवाल्या बाईंचे पाय धरायचे बाकी ठेवले. त्या म्हणाल्या, उरलेल्या गोळ्यासुद्धा परत गेल्या.

मला राग कोणाचा येतो सांगू? डॉक्टरीणबाईंचा नाही. त्या दुसऱ्या आयांचा. पोराला गोड गोळ्या देऊन ज्यांनी तीन-तीन, चार-चार लिहिले त्यांचा. कसला हा लोभ? माझ्या पोराच्या तोंडातून त्यांनी तो प्रश्न काढून घेतला. त्यातली एखादी समोर आली तर मी काय करीन मला ठाऊक नाही.

तुमच्या लिफाफ्यात काय निघालं? कारभाऱ्यालाही औषधच असणार. तुझं कसं होणार आता? भावोजी काय म्हणतात?

तुझी
चिमी


२९ जून

चि. चिमीस,

हे पत्र सात दिवस लिहितेय. उजव्याच हाताने लिहितेय, मनगट जुळलं, पण वाकडं.

आमच्या लिफाफ्यात ‘गोड गोळ्या’ निघालं. त्यांनी चांगला शब्द वापरलाय, पण अर्थ तोच. आणि मी तीन-तीन, चार-चार लिहिले होते.

आता पुढचं वाच किंवा वाचू नकोस.

मी जिन्यावरून पडले नव्हते. फेब्रुवारीत वरच्या मजल्यावर भिंतीला भोकं पाडायचं यंत्र सुरू झालं. कारभाऱ्याने कान झाकले, मग हात चावला, मग खिडकीच्या काचेकडे गेला. मी मध्ये गेले. त्याने मला ढकललं नाही, त्याला खिडकी हवी होती आणि मी वाटेत होते. माझा हात चौकटीत अडकला. यंत्र थांबल्यावर तो फेरीला निघाला. "दिवा बंद. नळ बंद." माझ्याजवळ आला, लोंबणाऱ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "हात बंद." मग पुढे गेला. गेल्या वर्षापासून असं चाललंय, तुला सांगितलं नाही. तू राघूकडे बघून घाबरली असतीस, की मोठा झाल्यावर हाही असाच होणार.

ह्यांनी हे बघितलं असतं तर त्याच दिवशी त्याला केंद्रात नेलं असतं. म्हणून त्यांनाही जिनाच सांगितला. हे रविवारी येत. फॉर्म पुढ्यात घेऊन मी बसायची, हे शेजारी बसायचे. मी आकडा लिहिला की हे मान हलवायचे. चिमे, त्या घरात माझ्या बाजूने बोलणारा तो एक कागद होता. मी पहिल्या रविवारी तीन लिहिला आणि हे म्हणाले, "बरं आहे, बघू अजून." पुढच्या रविवारी त्याहून कमी कसा लिहिणार? मला वाटलं चार महिने निघतील, मग पुढच्या टप्प्यात खरं औषध मिळेल आणि खोटं लिहिलेलं खरं होईल. मला एवढंच दिसत होतं. या कागदांचं पुढे काय करतात, कोणाच्या कागदाशी लावून बघतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. वीस वर्षं तेच काम करतेय. पण तेव्हा मी तिकडे बघितलं नाही.

काटा मीच बोटाने दाबून धरला होता, आणि तुला मात्र खालची खूण लिहायला शिकवलं. ते मुद्दाम नव्हतं. निदान मला तसं वाटतं. तुझ्याकडे तरी खरं राहू दे, असं काहीसं मनात होतं. आता त्याचाही मला भरवसा नाही.

तू लिहिलंस, त्यातली एखादी समोर आली तर काय करशील ठाऊक नाही. ती ही.

ताई


२४ जुलै

चि. चिमीस,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून बसलेली नाही, पण तुला दोन गोष्टी कळायला हव्यात.

एक, मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या माझ्याही शेजारी बसल्या, खिडकीकडे बघत. म्हणाल्या, "एकशे बारा मुलं होती. तुमच्या एका फॉर्मने काही झालं नाही." मला वाटलं सुटले. मग म्हणाल्या, "हे सांगायला आलेल्या तुम्ही या महिन्यातल्या सातव्या." न आलेल्या किती, हे त्यांनाही माहीत नाही. मी राघूसाठी विचारलं, एकट्यापुरतं कुठून मिळेल का म्हणून. नाही. बनवणंच बंद आहे. पुढे कधी दुसरं औषध आलं तर मुलाची नजर कुठे जाते ते कॅमेऱ्याने मोजणार आहेत. आयांना विचारणार नाहीत. मी म्हटलं, बरोबर आहे. त्यांचीही आठ वर्षं गेलीत यात.

दोन, अठरा तारखेला कारभाऱ्याला केंद्रात सोडलं. लिफाफा ह्यांनीच वाचला, मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. त्याने आत गेल्यागेल्या फेरी सुरू केली. तिथे चौदा नळ आहेत. तिसऱ्या फेरीनंतर तिथल्या माणसाने न्हाणीघराला कुलूप घातलं. तो कुलपाजवळ उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई बंद." मी निघाले.

आता घरात दिवे मीच बंद करते. दोनदा तपासते.

ताई


५ सप्टेंबर

ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मी तीन उत्तरं लिहिली होती. दोन फाडली, तिसरं सापडत नाही, बहुधा राघूने पेटीत टाकलं. ते मिळालं असेल तर त्यात लिहिलंय ते सगळं मला म्हणायचं होतं. परत घेत नाही.

तू डॉक्टरीणबाईंकडे तुझं सांगितलंस, माझं सांगितलं नाहीस. म्हणून मीही गेले. म्हटलं, मी चारच्या जागी दोन लिहिले, दोनच्या जागी एक. त्यांनी कपाटातून आपल्या दोघींचे फॉर्म काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. तुझ्या पोराला काही नव्हतं ते तू चढवलंस, माझ्या पोराला होतं ते मी उतरवलं. म्हणून तुझेच आकडे वर होते, ताई. तो कागद बघून कोणीही म्हटलं असतं की औषध तुझ्याकडे होतं.

बाबांना सगळ्यांनी न बघता दारुडा ठरवलं, असं तूच लिहिलं होतंस. राघूला मी रोज बघत होते. बघूनही लिहिलं नाही. ते मी तुझ्या नावावर टाकून मोकळी होऊ शकत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

पुढच्या रविवारी तू केंद्रात जाशील तेव्हा मी येईन. तुझ्यासाठी नाही. कारभाऱ्यासाठी. त्या न्हाणीघराच्या कुलपाचं तिथल्या माणसाशी बोलायचंय मला. तू बोलणार नाहीस, तुला स्वतःलाच शिक्षा हवी आहे, पण ती पोराला कशाला? बसमध्ये माझ्याशी बोलू नकोस. शेजारी बसलीस तरी चालेल.

राघूचं विचारलं नाहीस, विचारायची हिंमत झाली नसेल. सांगते. त्याचं ते वाक्य गेलं नाही. ‘बस गेली का’ गेलं, आणि त्याच्या जागी हे बसलं. सकाळी उठल्यापासून, दात घासताना, भिंतीला, दाराला, पोस्टाच्या पेटीला, दिवसातून शंभर वेळा, "तू दमलीस का? तू दमलीस का?" थांबत नाही आता. मी दर वेळी हो म्हणते, पण तोवर तो दुसऱ्या खोलीत गेलेला असतो.

चिमी